जिन्याचं कुलूप

राममूर्ती आले तेव्हा त्रिपुरसुंदरीनं मुद्दाम पंखा लावला नाही. मे महिन्यातली दुपार होती. चेन्नईजवळच्या पश्चिम तांबरमच्या त्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखाली शिरून पडली होती. राममूर्ती पंचाहत्तरीचे, अंगानं जड. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते उपरण्यानं मान पुसत राहिले, आणि ती समोर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत राहिली.

"वैनी, अपार्टमेंटवाला प्रमोटर पुन्हा आला होता," ते म्हणाले. "दोन्ही जागा मिळूनच घेतो म्हणतो. तुमची मोठ्या रस्त्याला, माझी मागं बोळात. माझी एकटी कोणी घेईना."

"ठाऊक आहे."

"अपार्टमेंट झालं तर दोघांनाही लिफ्टचं घर मिळेल. महालक्ष्मीला आता जिना चढवत नाहीं." महालक्ष्मी त्यांची बायको.

"जिना," त्रिपुरसुंदरी म्हणाली आणि एक शेंग कडकन मोडली. राममूर्तींनी मान खाली घातली.

"मग त्याला काय सांगूं?"

"बघूं या."

हे 'बघूं या' ती पोंगलपासून सांगत होती. एग्मोर स्टेशनच्या रिझर्वेशन काउंटरवर तिची सगळी नोकरी झाली. काचेपलीकडच्या माणसाला ताटकळत ठेवणं तिला कधी जमलं नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली तरी समोरची रांग संपवूनच ती उठायची. आता या एका माणसाला ताटकळत ठेवण्यात तिला गोडी लागली होती. ते उन्हातून, बोळ ओलांडून, मोठ्या रस्त्यानं वळसा घालून येत. पूर्वी इतकं चालावं लागत नसे. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक लहानसं दार होतं. ते तिनंच विटा लावून बुजवून घेतलं होतं.

दोन्ही घरं तंजावरच्या मराठी लोकांची. त्रिपुरसुंदरीचा नवरा वेंकट एन्नोरच्या वीज केंद्रात कामाला होता. इथं आसपास नुसती शेतं होती तेव्हा त्यानं जागा घेतली, आणि मागची जागा राममूर्तींनी घ्यावी म्हणून त्यांच्यामागं लागला. राममूर्तींच्या घराचा पाया भरला तेव्हा रजा काढून वेंकटच उभा राहिला होता. पुढं राममूर्तींनी वर मजला चढवला. वेंकटच्या घराला गच्ची होती, पण जिना राहूनच गेला. आधी मुलीचं शिक्षण, मग लग्न, मग वेंकटची फुप्फुसं.

दोन हजार पंधराच्या डिसेंबरात अड्यार नदी गल्लीत शिरली. संध्याकाळपर्यंत घरात कमरेएवढं पाणी झालं. खोकणाऱ्या वेंकटला धरून त्रिपुरसुंदरी भिंतीतल्या दारातून राममूर्तींच्या बाहेरच्या जिन्यापाशी गेली. जिन्याच्या लोखंडी दाराला कुलूप होतं. तिनं हाका मारल्या, दार हलवलं, राममूर्तींना नावानं बोलावलं. वर खिडकीत टॉर्च लागला. पडद्यामागून तो थोडा सरकला आणि विझला.

ती दोघं परत आली आणि जेवणाच्या टेबलावर बसून राहिली. सकाळी होडी आली. वेंकटला न्यूमोनिया झाला, आणि तो महिना संपायच्या आत तो गेला.

तेराव्याला राममूर्ती आले होते. "मज ऐकूच आलं नाहीं, वैनी. पावसाचा आवाज केवढा!" म्हणाले. भिंती वाळल्यावर तिनं गवंड्याला बोलावलं.

आता मुलगी श्रीरंजनी बंगळूरहून रोज फोन करत होती. एकटी राहू नकोस, घर वीक आणि इकडं ये. घर विकायला त्रिपुरसुंदरीची ना नव्हतीच. कुणाला विकायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

जूनमध्ये देवेश आणि रुचिरा घर बघायला आले. दोघंही नाशिककडची, ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. त्रिपुरसुंदरी मराठी बोलते म्हटल्यावर रुचिराला कोण आनंद झाला.

"काकू, तुम्ही 'मज' म्हणता! किती जुनं वाटतं ऐकायला."

"आम्ही तंजावरला आलों तेव्हां तसंच बोलत होते," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "तुम्ही घर पाडणार कां?"

"छे हो! राहायला हवंय. वर एक मजला चढवू, जमेल तेव्हा."

"आधी जिना करा."

बोलणं तिथंच ठरलं. प्रमोटर देत होता त्याहून किंमत बरीच कमी होती. श्रीरंजनी फोनवर चिडली. "अम्मा, तुज कोणी फसवलं कां? एवढं सोडून द्यायचं?"

"मज घरांत राहणारी माणसं हवीत," ती म्हणाली. त्यात खरं थोडंच होतं.

राममूर्तींना तिनं काही कळू दिलं नाही. ते येत राहिले. एकदा त्यांनी प्रमोटरचा नकाशा आणला आणि बोटानं लिफ्टची जागा दाखवली. तिनं चष्मा लावून तो नीट पाहिला. लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची मावेल का, असंही विचारलं. राममूर्तींचा चेहरा उजळला. तो तसा उजळलेला बघायलाच तिनं विचारलं होतं.

रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी तिनंच त्यांना निरोप धाडला. या खेपेला पंखा लावला, फिल्टरची कापी दिली.

"राममूर्तीराव, एक गोष्ट खरी सांगा. मग मी माझं सांगते. त्या दिवशीं ऐकूं आलं होतं कां?"

त्यांनी कापीचा टंबलर खाली ठेवला. ते भिंतीतल्या बुजवलेल्या दाराकडं बघत राहिले. विटांवर रंग दिलेला होता तरी चौकट ओळखू येत होती.

"आलं होतं," ते म्हणाले. "नातू महिन्याचा होता. वेंकट इतका खोकत होता, मज वाटलं टीबी असेल. महालक्ष्मी उघडा, उघडा म्हणून रडत होती. चावी माझ्या हातांत होती. टॉर्चही मीच विझवला."

त्रिपुरसुंदरी ऐकत होती. इतकी वर्षं हे वाक्य तिनं मनात त्यांच्या तोंडी घातलं होतं, पण त्यात महालक्ष्मीचं रडणं नव्हतं.

"सरी, ठीक," ती म्हणाली. "आता माझं ऐका. उद्या रजिस्ट्रेशन आहे. घर मी त्या ओरगडमच्या पोरांना दिलं."

ते समजायला त्यांना वेळ लागला.

"ठरलं होतं, तर मज बोलावलं कशाला?"

"हेच ऐकायला."

"वैनी, महालक्ष्मीचं काय करूं मी? माझी जागा एकटी—"

"वेंकटचं मी काय केलं, ते विचारलं होतं कां तुम्ही?"

राममूर्ती खुर्चीचा हात धरून उठले. दारात त्यांची चप्पल पायात नीट जाईना. तिनं हात दिला नाही. ते वळसा घालून बोळात दिसेनासे होईपर्यंत ती उभी राहून बघत होती. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. हे ती पुढं कुणालाही सांगणार नव्हती, पण लागली.

सामानाची लॉरी गेली त्या दिवशी श्रीरंजनी न्यायला आली होती. ऑटो दारात थांबला तेवढ्यात मागच्या घरातून हाक आली. "त्रिपुरा! जायच्या आधीं इकडं ये गं."

हाक महालक्ष्मीची होती. न जाण्याचं तिनं पक्कं केलं होतं. तरी पाय वळले.

जिन्याखालच्या खोलीत खाट होती. खाटेच्या चारही पायांखाली विटा लावून ती उंच केली होती. महालक्ष्मी भिंतीला टेकून बसली होती; पायांवर चादर होती.

"तूं खालीं कधीपासून?"

"बरेच महिने झाले. पाय वर जात नाहींत. ते वर आहेत, यायला लाजतात." महालक्ष्मीनं उशाचा स्टीलचा डबा पुढं केला. "ट्रेनमध्यें खा. पुळियोदरै आहे. तुज तिखट लागतं, तसंच केलंय, बसल्या बसल्या."

त्रिपुरसुंदरीनं खाटेखालच्या विटांकडं पाहिलं. घर देऊन झालं होतं, आणि देवेश-रुचिरानं आतल्या खोलीत गृहप्रवेशाचं दूधही उतू घातलं होतं. आणि खरं तर, पुन्हा वेळ आली असती तरी आपण हेच केलं असतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं डबा घेतला.

"पाणी आलं तर?" एवढंच तिच्या तोंडून गेलं.

"विटा आहेत ना," महालक्ष्मी म्हणाली.

काटपाडी स्टेशन गेल्यावर श्रीरंजनीनं डबा उघडला. चिंचेच्या भाताचा, तिळाच्या तेलाचा वास गाडीभर पसरला. समोरच्या बाकावरच्या बाईनंही मान वर केली.

"अम्मा, फार छान झालंय. तूं घे ना."

"तूं खा."

मुलीचं खाऊन होईपर्यंत ती बाहेर बघत बसली. मग डबा घेऊन उठली. डोलत्या गाडीत बाकांना धरत बेसिनपाशी गेली, आणि झाकणाच्या कडेतला तेलाचा ओशटपणा जाईपर्यंत बोटानं घासून घासून डबा धुतला. पदरानं कोरडा केला. परत येऊन तो मांडीवर घेऊन बसली. डबा दुसऱ्याचा होता, आणि रिकामा परत करायची तिच्या घरात रीत नव्हती.