साठ वर्षांतले नऊ

तफोंगने फळ्यावरचं नाव तळहाताने पुसलं, हाताला लागलेला खडू विजारीवर झटकला आणि मग स्वतःच ओरडला, "डाव्या मैदानात लेकालच! मला आडवं पाडलंत तरी लेकालच!"

"लेकालच लिहिलं होतं, दादा," होंगाय वहीतून मान वर न करता म्हणाली. "तुम्हीच आत्ता पुसलंत."

"मग पुन्हा लिही. आणि जरा मोठं लिही. मला वाटलं लिसिन लिहिलंय."

कुलास हसू दाबत समुद्राकडे पाहत राहिला. गावच्या सभाघराला भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि वर पत्रा. त्यामुळे तिथे चाललेलं भांडण अर्ध्या गावाला ऐकू जायचं, आणि उरलेलं अर्धं गाव ऐकायला मुद्दाम येऊन बसायचं. आजचा तिसरा दिवस. 'पंखमासे' या त्यांच्या बेसबॉल संघाला यंदा साठ वर्षं झाली होती, आणि साठ वर्षांत खेळलेल्या एकशे त्रेचाळीस जणांतून सर्वांत भारी असे नऊ निवडायचं काम या तिघांवर येऊन पडलं होतं. तफोंग चौऱ्याहत्तर वर्षांचा, जुना प्रशिक्षक. होंगायने पंचेचाळीस वर्षं प्रत्येक सामन्याची नोंद ठेवलेली. आणि कुलास अठरा वर्षं कॅचर. कॅचर सगळ्यांच्या मागे उकिडवा बसतो, त्याला अख्खं मैदान समोर दिसतं, म्हणून त्याच्या शब्दाला वजन.

सुगीच्या सणानंतरच्या रविवारी हे नऊ जण आजच्या पोरांविरुद्ध एक डाव खेळणार होते. जे हयात होते ते स्वतः, जे नव्हते त्यांच्या जागी त्यांची टोपी घालून त्यांचा भाचा नाहीतर मुलगी. मग नावं बॅटिंगच्या क्रमाने शाळेच्या भिंतीवर रंगवायची.

एवढं ठरल्यापासून तिघांच्या घरी माणसांची रीघ लागली होती. एका पोरीने बापाची निवड व्हावी म्हणून खारवलेलं डुकराचं मांस आणून दिलं. तफोंगने ते चाटूनपुसून खाल्लं आणि तोंड पुसत म्हणाला, "मांस एक नंबर आहे गं बाई. पण तुझा बाप बेसवरून बेसवर चालत जायचा."

आता फक्त तिसरा बेस उरला होता. तो सगळ्यात सोपा, म्हणून शेवटी ठेवलेला. कुलासने खडू उचलला. तिसऱ्या बेसवर मायाव एकोणीस वर्षं उभा राहिला होता, त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. मायाव त्याच्याच वयोगटातला, गावात कुठलीही खोडी झाली की आधी ज्याचं नाव निघायचं असा माणूस. कुलासने पहिलं अक्षर काढलं आणि होंगायने त्याच्या हातातून खडू काढून घेतला.

तिने ते अक्षर पुसलं आणि सावकाश लिहिलं: सवमाह.

सभाघरात बसलेल्यांची कुजबुज थांबली. सुपारी चघळणारी तोंडंसुद्धा थांबली.

"हे काय?" कुलास म्हणाला.

"तिसरा बेस."

"सवमाह चारच वर्षं खेळला. मायाव त्याच्यानंतर एकोणीस."

"चार वर्षांत त्याच्या हातून सुटलेले बॉल सहा," होंगायने वहीवर बोट ठेवलं. "मायावच्या एका वर्षात सहा सुटायचे."

"मायावने मारलेले होमरन मोज ना मग!"

"मोजले. तरीसुद्धा माझं मत सवमाह."

"माझंही," तफोंग म्हणाला. "दोन विरुद्ध एक. चला, जेवायला."

"दादा, तो माझा भाऊ आहे. लोक म्हणतील कुलासने घरचा माणूस घुसवला."

"तू कुठे घुसवलास? तू तर विरोध करतोयस. सगळ्या गावाने ऐकलं." तफोंग उठला, गुडघे धरून थोडा थांबला. "नियम माहीत आहे ना? निवडलेल्या माणसाला तिघांपैकी एकाने कळवायचं. आम्ही दोघांनी चार-चार जण घेतलेत. तुझ्या वाट्याला हा एकच."

कुलासने चपला घातल्या. डावी उजव्या पायात गेली, ती काढून परत नीट घातली.

सवमाह त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, ताइतुंग शहरातल्या अंतिम सामन्याच्या आदल्या पहाटे, जिंकल्यावर संघाला मेजवानी द्यायची म्हणून तो कोणाला न विचारता होडी घेऊन एकटाच मासेमारीला गेला. होडी कुलासच्या बायकोच्या घरची होती. गावच्या रीतीप्रमाणे कुलास लग्न होऊन त्या घरी राहायला आला त्याला दोनच वर्षं झालेली, आणि सासूने विश्वासाने त्याच्या हाती दिलेली ती एकमेव वस्तू. होडी खडकावर फुटली. सवमाह पोहत किनाऱ्याला लागला, खांदा सोललेला, आणि वाळूवर उभ्या सगळ्या संघासमोर कुलास त्याला म्हणाला, "आजपासून मला भाऊ नाही." सामना हरले. महिन्याभरात सवमाह दूर कीलुंग बंदरात जाऊन खोल समुद्रातल्या बोटीवर लागला, पुढे इमारतींना बांबूच्या परांच्या बांधू लागला. आईच्या अंत्यविधीला आला तेव्हा लोकांच्या मागे उभा राहिला आणि संध्याकाळच्या बसने निघून गेला. कुलासने त्याची पाठ पाहिली होती.

त्याचा नंबर कुलासच्या फोनमध्ये होता. बायकोने, राराने, आठ वर्षांपूर्वी घालून ठेवलेला. तेव्हापासून त्याने तो बावीस वेळा काढून पाहिला असेल, पण बटण दाबलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तो मागच्या अंगणात केळीच्या आडोशाला गेला. रारा भाजी निवडत होती. ती उठून आत गेली आणि आतल्या खिडकीशी येऊन बसली.

चौथ्या घंटेला फोन उचलला गेला.

"हॅलो? कोण?"

"मी. कुलास."

पलीकडे हातोड्याचे आवाज येत होते. ते हळूहळू लांब गेले. माणूस चालत बाजूला आला असावा.

"कोण गेलं?" सवमाहने विचारलं.

"कोणी नाही गेलं. सगळे आहेत." कुलासने घसा साफ केला आणि सरकारी निरोप सांगावा तसं सांगून टाकलं. "संघाला साठ वर्षं झाली. सर्वकाळचे नऊ निवडलेत. तिसऱ्या बेसवर तू. येत्या रविवारी सकाळी एक डाव खेळायचा आहे."

लांबून हातोड्याचे दोन ठोके आले. मग, "तिसऱ्या बेसवर? मायाव मेला का?"

"मेला कसला! सकाळीच माझ्या दारात उभा राहून माझ्याच पपया मला विकत होता."

"मग मी कसा?"

"समितीचं ठरलंय."

"समितीत कोण?"

"तफोंगदादा, होंगाय." कुलास थांबला. "आणि मी."

कुलासला वाटलं, आता फोन ठेवेल. खरं तर त्याचाच अंगठा बटणापर्यंत गेला होता.

"बॅटिंगला कितवा?" सवमाहने विचारलं.

"सातवा."

"सातवा?" आवाज एकदम चढला. "मी कायम दुसरा खेळायचो! सातव्यावर कोण जातं माहितीये? ज्याला बॅट कुठल्या बाजूने धरतात ते सांगावं लागतं, तो!"

"दुसऱ्यावर तफोंगदादा आहेत."

"तफोंगदादा! त्यांनी स्वतःच स्वतःला निवडलं?"

"दुसरा बेस त्यांचाच होता. कोण बोलणार त्यांच्यापुढे?"

"तू बोल ना! तुझी जीभ काय कमी आहे?"

कुलासने फोन दुसऱ्या कानाला लावला. केळीच्या पानावर कोंबडीने उगाच चोच मारली.

"तुझा पाय तेव्हा जलद होता," कुलास शेवटी म्हणाला. "आता पासष्ट वर्षांचा आहेस. दुसऱ्याला पळावं लागतं."

"मी रोज आठ मजले बांबूवरून चढतो. तू जिना चढून दाखव."

"माझ्या घराला जिना नाही."

"तेच म्हणतोय मी!"

मग जे सुरू झालं ते थांबेना. हुआलियनविरुद्धच्या सामन्यात सवमाहने फाउल रेषेच्या बाहेरून केलेली फेक पहिल्या बेसवर थेट पोचली की एक टप्पा पडून, यावरच दहा मिनिटं गेली. पुढे कुलासच्या खुणा कशा कोणालाच कळायच्या नाहीत हा विषय निघाला, आणि मग कोणाच्या चुकीमुळे युलीच्या संघाकडून हरलो तो. कुलास अंगणात येरझाऱ्या घालत ओरडत होता, "टप्पा पडला होता! मी समोर बसलो होतो, मला दिसला!" खिडकीतल्या राराने भाजीच्या टोपलीने तोंड झाकलं होतं.

"दुसरा नंबर दिला तर येतो," सवमाह शेवटी म्हणाला. "नाहीतर तुमचे नऊ तुम्हाला लखलाभ." आणि त्याने फोन ठेवला.

फोन गरम झाला होता. कुलासचा कानही.

तो तसाच तफोंगकडे गेला. तफोंग खाटेवर पडून पंख्याचं वारं पोटावर घेत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि छताकडे बघत बराच वेळ सुस्कारे टाकले.

"साठ वर्षांत एकदा मला भिंतीवर दुसरं नाव मिळणार होतं."

"सातवंही चांगलं असतं, दादा. डोळ्यांच्या उंचीवर येतं. लहान पोरं वाचतील."

"गोड बोलू नकोस. मासा आणून दे. वाळवलेला नको, ताजा. आणि तू स्वतः पकडलेला."

कुलासने शुक्रवारी पहाटे तीन मासे पकडून दिले.

शनिवारी बस दुपारी दोनला यायची. कुलास एकटाच थांब्यावर जाऊन उभा राहिला. ओळखीच्या प्रत्येकाला त्याने सांगितलं की पान-सुपारीच्या दुकानात काम आहे. दुकान बंद होतं. बस आली, आणि तिच्यातून एक टकला, वाळका माणूस खाली उतरला; एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्यात फळांची पेटी. त्याने कुलासला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोट कधी आलं हे?"

"तुझे केस गेले तेव्हाच."

कुलासने फळांची पेटी घेतली. दोघं रस्त्याने चालू लागले, पेटी कोणी उचलायची यावर भांडत.

रविवारी सकाळी मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांनी चिकट भाताच्या वाफाळत्या टोपल्या सावलीत मांडल्या होत्या. तफोंग पट्ट्याच्या खाली मावेल तेवढं पोट कोंबून दुसऱ्या बेसवर उभा. डाव्या मैदानात लेकालची मुलगी, बापाची विटलेली टोपी कानांपर्यंत ओढून. पंच म्हणून मायाव, तोंडावर जाळीचा मुखवटा, नेमका कुलासच्या पाठीमागे. प्रत्येक बॉलला तो असा ओरडायचा की कुलासच्या कानात दडे बसायचे.

पोरांचे दोन गडी बाद झाल्यावर तिसऱ्याने सरपटता फटका मारला, थेट तिसऱ्या बेसकडे. सवमाह वाकला. बॉल त्याच्या हातमोज्याला लागला, छातीला लागला, मग गुडघ्याला. त्याने तो धुळीतून उचलला आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून पहिल्या बेसकडे फेकला. दोन टप्पे पडले. तरी बाद. सगळं गाव उभं राहून ओरडलं.

"दोन टप्पे!" कुलास मुखवटा वर करून किंचाळला. "सगळ्यांनी पाहिले!"

तीन बाद झाले, बाजू पालटली; आता बॅटिंग नऊ जणांची. पहिली लेकालची मुलगी. दुसरा सवमाह, तिसरा कुलास. दोघं बाकावर शेजारी बसून आपली पाळी यायची वाट पाहत होते. सवमाह बॅटच्या मुठीवर माती चोळत होता.

"दादा, एक सांगू?" तो बॅटकडेच बघत म्हणाला. "मायाव मला पावसाळ्यापासून फोन करतोय."

"कोण मायाव?"

"किती मायाव आहेत आपल्या गावात? म्हणाला, तिसऱ्या बेसचं मी होंगाय आणि तफोंगदादांशी बोललोय, ते तयार आहेत. कुलास तुला फोन करील. केला की लगेच हो म्हणू नकोस. हो म्हणालास तर त्याला पुढे काय बोलावं सुचणार नाही, आणि तो फोन ठेवून देईल. म्हणाला, नंबरावरून भांडण काढ. अर्धा तास तरी भांड."

मैदानात लेकालच्या मुलीचा फटका वर उडाला आणि झेलला गेला. लोक तरीही टाळ्या वाजवत होते.

"मला सातवा चालला असता," सवमाह म्हणाला, उठला आणि गेला.

दुसऱ्याच बॉलला त्याने हलकेच बॅट लावली. बॉल पिचरच्या डाव्या बाजूने गवतात शिरला आणि सवमाह पळत सुटला, कोपरं बाहेर काढून, तोंड उघडं टाकून. रेषेबाहेरून दहा-बारा बायका त्याच्यासोबत पळत होत्या. तो पहिल्या बेसवर पोचला आणि लगेच, पासष्ट वर्षांचा माणूस, दुसऱ्या बेसच्या दिशेने चार पावलं चोरून उभा राहिला.

कुलास बॅट घेऊन पुढे आला. जागेवर उभा राहिला, पायाने माती सारखी केली. मागे मायाव वाकलेला होता. त्याच्या श्वासाला सुपारीचा वास येत होता.

"मायाव," कुलास न वळता म्हणाला. "एकोणीस वर्षं तू खेळलास रे."

"पिचर थांबलाय," मायाव म्हणाला. "समोर बघ."

कुलासने समोर पाहिलं. बॉल आला, अगदी मधोमध, कोणीही मारावा असा. कुलासला तो दिसलाच नाही.

"स्ट्राइक!" मायाव कान फाटतील असा ओरडला, आणि सगळं गाव हसलं.