डब्यातली जास्वंद

लिंबू चिरलं आणि त्यातून रक्त गळलं.

पिंपळीच्या देवळापुढं जमलेली शे-दीडशे माणसं श्वास रोखून बघत राहिली. म्हस्कू देवऋषीनं लाल थेंब टपकणारी फोड उंच धरली, गरागरा घुमला आणि दीपमाळेला बांधलेल्या फुलाबाईवर सुरी रोखून गरजला, "बघा रं! रावजीच्या पोराचं रगत हाय ह्ये! हिनंच बांधून ठिवलंय! म्हस्कूला आभाळापल्याडचं दिसतं, पाताळातलं दिसतं!"

आभाळापल्याडचं दिसणाऱ्या म्हस्कूला आपल्या धोतराचा सुटलेला सोगा मात्र दिसत नव्हता. तो त्याच सोग्यावर पाय देऊन धडपडला. "देवीनं ढकललं!" म्हणाला आणि लोकांनी हात जोडले.

फुलाबाईच्या पाठीवर आसूड कडाडला. मारणारा रावजी, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याचं पोरगं आठ दिवस तापानं फणफणत होतं, थंडीनं कुडकुडत होतं. "सोड वैनी, पोराला सोड माझ्या!" मारता मारता तोच रडत होता.

फुलाबाईनं केलं होतं ते एवढंच, की जास्वंदीला हात लावला होता. नवरा पुण्यात एका बागेत माळी होता, त्याच्याकडून ती कला शिकली. उद्या उमलणारी कळी पहाटे हलकेच उघडायची, आतले परागाचे तुरे कात्रीनं काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग कोंबडीच्या पिसानं लावायचा आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. बी धरायचं, पेरायचं, दोन-दोन वर्षं वाट बघायची. परड्यातली लाल जास्वंद पुरुषभर वाढे. फुलाबाईला हवी होती डालड्याच्या डब्यात मावणारी, गुडघ्याएवढी, पण फुलांनी लगडणारी. ज्याला अंगण नाही, त्याच्या ओट्यावरही देवाला फूल मिळावं. चार वर्षांत शंभर रोपं वाया गेली. एक तेवढं साधलं. त्याची पहिली कळी आजच पहाटे उमलली होती, बशीएवढी, गर्द लाल.

पण वैरणीला जाणाऱ्या बायांनी तिचं हे पहाटेचं काम पाहिलं होतं. न उमललेल्या कळीच्या गळ्यात दोरा? आणि म्हस्कूनं अर्थ लावला, "येक दोरा म्हंजी येका लेकराचा जीव!"

आता तिच्या रोपांचे सगळे डबे देवळापुढं आणले होते. पहार पडत होती. पत्रा चेपत होता, माती उडत होती, मुळं उघडी पडत होती. दहा डबे संपले. उरला एकच, नव्या रोपाचा.

फुलाबाईनं डोळ्यांवर आलेला घाम झटकला आणि तिची नजर म्हस्कूच्या हातातल्या फोडीवर खिळली. हा रंग तिच्या ओळखीचा होता. फुलं चुरताना तिची बोटं निळी-काळी होत आणि लिंबू पिळलं की अशीच लालभडक. सकाळी जुन्या झाडाची तीन फुलं कुणीतरी ओरबाडून नेली होती.

"भाऊजी," ती कण्हत म्हणाली, "मारायचं तर मारा. पर आदी त्या रगताला चंचीतला चुना लावा. लालच ऱ्हायलं, तर मला जित्ती जाळा."

"हात लावाल तर गाव नासंल!" म्हस्कू ओरडला.

म्हातारी दगडाबाई पुढं झाली. "गप रं! साठ वर्सं तंबाकूसंगं चुना खाती मी, मला न्हाय नासवलं त्यानं." तिनं बोटभर चुना फोडीला फासला. लाल रंग बघता बघता हिरवा झाला.

"करणी! रगताचं ईख केलं हिनं!" म्हस्कू गरजला.

"माज्या पाठीवर हाय की खरं रगत. त्याला बी लावा."

दगडाबाईनं जखमेला चुना लावला. फुलाबाई किंचाळली. रक्त लालच राहिलं.

"आता तुमचा विळा घ्या भाऊजी, देवापुढचं दुसरं लिंबू घ्या आन् कापा."

रावजीनं कापलं. नुसतं पाणी.

"आता..." फुलाबाईनं शेवटच्या डब्याकडं पाहिलं, "त्या रोपाचं फूल तोडा. पात्याला चोळा. वाळलं की कापा."

गावात तेवढंच एक फूल उरलं होतं. रावजीनं ते चुरलं तेव्हा तिनं डोळे मिटले. पातं काळपट झालं, उन्हात वाळलं. रावजीनं लिंबू चिरलं आणि त्याच्या मनगटावरून लाल ओघळ कोपरापर्यंत गेला.

"आता सांगा भाऊजी, तुमी कुणाचं पोर बांधलंय?"

रावजीच्या हातून विळा गळला.

मग मात्र गर्दी म्हस्कूवर उसळली. पहार उचलली गेली, दगड उचलले गेले. "माज्या गुरूनं शिकवलं वं!" म्हणत तो खाली पडला. त्या लोंढ्यात शेवटचा डबा लाथेखाली आला आणि रोप तीन जागी मोडलं.

"थांबा!" बांधलेल्या फुलाबाईची आरोळी देवळावर आपटली. "मगाशी न इचारता मला मारलं, आता त्याला मारताय. हात तेच हायती, डोकं कुठं हाय? त्याला चौकीवर न्या. आन् पोराला गाडीत घाला, बारामतीच्या डाक्टरकडं चला!"

रावजीनं फुलाबाईला बांधलेले कासरे सोडले. बैलगाडी धुरळा उडवत गेली. हिवताप होता. गोळ्यांनी पोरगं आठवड्यात उठून बसलं.

आसुडानं सुजलेला एक हात झोळीत अडकवून फुलाबाईनं मोडक्या फांद्यांचे सात तुकडे ओल्या वाळूत खोचले. पाच काळे पडले. दोन फुटले. पुढच्या वर्षी एके पहाटे ती कळीला दोरा बांधत होती, तेव्हा कुंपणाशी वैरणीच्या बाया उभ्या होत्या.

"फुलाबाय," एकीनं भीत भीत विचारलं, "ह्यो दोरा कशाला गं?"

फुलाबाईनं मान वर केली. तिच्या पाठीवरचे वळ अजून गेले नव्हते.

"येवढंच गेल्या साली इचारलं असतंस, तर!" ती म्हणाली. "ये आत, दावते. आन् ध्यानात ठेव, लिंबातनं रगत निघालं तर पाया पडू नगंस. आदी सुरी मागून घे."