अर्ध्या कोयत्याचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे, मित्रांनो. जन्म बीडच्या छपाईच्या दुकानातला. पोटावर पुढारी अर्जुनरावांचा हसरा चेहरा अन् वाढदिवसाच्या शुभेच्छा घेऊन मी चौसाळ्याच्या रस्त्यावर मोठ्या दिमाखात झळकलो. वाढदिवस सरला आणि गरज सरो, वैद्य मरो अशी माझी गत झाली. कुणीतरी मला कडब्याच्या गंजीवर टाकलं. तिथं मी ऊन खात पडलो.

तिथून मला उचललं शाळेच्या मनिषा मॅडमनी. त्या गणित शिकवतात. त्यांनी मला धुतलं, उलटं केलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर भांडणारी दोन पोरं रंगवली, एक नकटी मुलगी अन् एक ढेरपोट्या मुलगा. नकटी म्हणते, ‘अर्धं कायम एकापेक्षा कमीच!’ ढेरपोट्या म्हणतो, ‘कधी कधी अर्धं म्हणजेच एक!’ खाली प्रश्न, ‘कोण बरोबर?’ पुढाऱ्याच्या पाठीमागं असलं भांडण! माझं मलाच हसू आलं.

त्याच दिवशी अंजू शाळेत परतली. दिवाळीनंतर ती आईबापांसोबत ऊसतोडीला गेली होती. दप्तर छातीशी धरून म्हणाली, “मॅडम, मला खालच्या वर्गात बसवा. मला काईच येत न्हाई.”

“आजचा तास इथंच बस, मग बघू,” असं म्हणून मॅडमनी मला खिळ्याला टांगलं.

वर्गात एकच गलका झाला. सगळे नकटीच्या बाजूनं. बंकट ओरडला, “ह्यो ढेरपोट्या लई येडा हाय!”

मागून हळूच अंजू बोलली, “येडा कावून? टोळीत नवराबायकोला मिळून एक कोयता म्हनत्यात. आई आजारी पडली, तवा मुकादम एकट्या अण्णाला, माझ्या बापाला, अर्धा कोयता म्हनायचा. पण अण्णा तर आख्खा एक माणूस हाय की.”

सगळ्यांच्या माना मागं वळल्या.

“मग हे अर्धं कशाचं?” मॅडमनी विचारलं.

“दोन माणसांचं,” अंजू म्हणाली.

बंकट डोकं खाजवत राहिला, मग बाकावर सरकला. “अंजे, हितं बस. मला नीट सांग.”

अंजूनं दप्तर खाली ठेवलं. ती खालच्या वर्गात गेली नाही. मित्रांनो, रस्त्यावर झळकतानाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

आता माझे कोपरे फाटलेत, रंगाच्या खपल्या पडतात. मला घडी घालून कोंबू नका, गुंडाळून ठेवा. आणि टोळीवरून कुणी उशिरा वर्गात आलं, तर त्याला ‘तुला काय येतं’ असं विचारू नका. ‘तुला काय वाटतं’ असं विचारा.