उलटी रोवलेली पाकळी

मित्रांनो, मी लसणाची एक जुनी पाकळी आहे. गड्ड्यातली सगळ्यात आतली, म्हणून सगळ्यात मागे राहिलेली. माझ्या बहिणी एकेक करून सोलल्या गेल्या, ठेचल्या गेल्या, कढईत चुरचुरल्या. घरभर त्यांचा वास सुटे. पुढे त्या घरच्या सुतारकाकांची मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि काका एकटेच उरले. एकट्यासाठी कढई कोण तापवतो? ते चहात पाव बुडवून खात. टोपलीत मी एकटी, खोलीत ते एकटे.

वाट पाहून पाहून माझ्या टोकातून हिरवा कोंब डोकावला. तो पाहून काका मला कचऱ्यात टाकायला निघाले. दारात शेजारच्या शिवणवाल्या मावशी भेटल्या.

"अहो भाऊ, टाकताय कशाला? कोंब कडवट लागतो, तेवढा काढा नि बाकीचा खा. नाहीतर मातीत लावा, पात मिळेल."

काकांनी दोन्ही सल्ले एकदम मानले. कोंब खुडला आणि मला कुंडीत लावले! तेही टोक खाली धरून, अंगठ्याने दाबून. जन्मभर खिळे ठोकलेला हात तो. त्याला दुसरे काय सुचणार?

मातीखाली काळोख होता. माझी मुळे वर फुटली आणि नवा कोंब खाली निघाला. उजेड कुठे, तेच कळेना. वरून रोज काकांची हाक येई, "काय गं, आहेस ना?" मला ओ देता येत नव्हती. पण हाक येई त्या बाजूला मी थोडी थोडी वळत राहिले.

मग हाक थांबली. पाणीही थांबले.

"मेली वाटतं," म्हणत काकांनी एक दिवस कुंडी पालथी करायला घेतली.

"थांबा हो!" मावशींनी बोटाने माती उकरली. "अगंबाई! भाऊ, हा काय खिळा आहे? बघा, बिचारी वळसा घालून वर येतेय."

"मग सरळ करू का?"

"आता हात लावाल तर खबरदार! निम्मी वाट तिनं काढलीय."

काकांनी हलक्या हाताने माती पुन्हा लोटली, पाणी घातले, कुंडी खिडकीत ठेवली.

मी वर आले. मानेत बाक राहिला तो राहिलाच. काका पातीचे शेंडे तेवढे कापतात, बुंधा राखतात. परवा कढई तापली, अंड्यावर पात भुरभुरली, अर्धी बशी मावशींकडे गेली. खाली मी मात्र सुरकुतत चालले आहे. सगळी हिरवाई माझ्यातूनच तर जाते. इथे सोबतीला कुणी नाही.

मित्रांनो, पाकळी लावताना चपटे बूड खाली आणि टोक वर ठेवा. ऊन दाखवा, पाणी बेताने घाला. आणि ओ आली नाही म्हणून हाक मारणे थांबवू नका. काळोखात ती ऐकू येते.