रॉयसने दाबून काढलेलं शून्य

मी एक जुना लाकडी पॅड आहे, मित्रांनो. परीक्षेला तुम्ही नेता ना, तसाच. वर पत्र्याचा चिमटा. पण माझ्यावर कधी कोणी गणितं सोडवली नाहीत. नेब्रास्कातल्या आमच्या गावात व्हर्नाबाई हॅस्केल मला काखेत धरून दारोदार फिरायच्या आणि लोकांना विचारायच्या, "राष्ट्राध्यक्षांचं काम कसं वाटतं? शून्य ते दहा, किती गुण द्याल?" स्वतःचं मत सांगायचं नाही, उत्तर ऐकून भुवईसुद्धा हलवायची नाही, असा आमच्या कामाचा नियम. मी तो आयुष्यभर पाळला. म्हणूनच या गोष्टीतल्या राष्ट्राध्यक्षांचं नाव मी सांगणार नाही.

नवी प्रश्नावली आली की बाई आधी घरच्यांवर सराव करत. मी नवाकोरा होतो, त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या, जेवणाला बाईंचे यजमान आल्डन आणि त्यांचे धाकटे भाऊ रॉयस शेजारी शेजारी बसले होते. आल्डननी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांना दहापैकी दहा दिले.

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" रॉयस म्हणाले. "या माणसाला दहा?"

"तुला काय कळतं त्यातलं? तू आपली टर्की खा."

रॉयसनी पेन्सिल हिसकावली आणि शून्य काढलं. इतकं दाबून, की कागद फाटला, शिसं मोडलं आणि ते शून्य माझ्या छातीत उमटलं. मग शब्दाने शब्द वाढला. "असला माणूस ज्याला देव वाटतो, त्याच्या घरचं पाणीही नको मला," असं म्हणून रॉयस भरल्या ताटावरून उठले.

त्यानंतर बावीस वर्षं हे सख्खे भाऊ चर्चमध्ये दोन टोकांना बसत. आईच्या दफनालाही एक कबरीच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. दर थँक्सगिव्हिंगला आल्डन एक खुर्ची जास्तीची मांडत आणि जेवायच्या आधी स्वतःच उचलून ठेवत. मला फार वाईट वाटे. ते शून्य माझ्याच अंगावर होतं ना!

गेल्या नोव्हेंबरात माजी राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी लावायची प्रश्नावली आली. बाईंनी सवयीने आल्डनना विचारलं. यादीत भांडणातलं तेच नाव आलं.

"दोन," आल्डन म्हणाले. "तेही जास्तच झाले. मला तो माणूस पहिल्यापासून पटला नाही."

मित्रांनो, माझा चिमटाच सैल पडला! बाईंनी कोट चढवला आणि मला घेऊन तडक रॉयसचं दार ठोठावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी? दादा बरा आहे ना?" रॉयस घाबरून म्हणाले.

"बरा आहे. तू फक्त याला गुण दे."

रॉयसनी नाव वाचलं. "याला? नऊ! अशी माणसं आता कुठं राहिलीत? मी तर पहिल्यापासून म्हणतोय."

बाईंनी चिमटा उघडला, सगळे कागद काढले आणि मला त्यांच्यापुढे धरलं. "मग हे कोणाचं?"

रॉयसनी शून्यावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादानं आता किती दिले?"

"दोन. तोही म्हणतो, पहिल्यापासून."

रॉयस मटकन पायरीवर बसले. "मग वहिनी, आम्ही भांडलो कशावरून गं?"

दोघांची मतं कधीच विरून गेली होती, आणि त्यांच्या भांडणाला मात्र बावीस वर्षं झाली होती.

त्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, आल्डननी जास्तीची खुर्ची मांडली. ती उचलायला ते वाकले, तोच दार वाजलं. रॉयस मक्याच्या पावाचं गरम भांडं घेऊन उभे होते.

"दादा, कुठं ठेवू? हात भाजतोय माझा."

आल्डननी भांड्याखाली ठेवायला काहीतरी शोधलं. हाताला लागलो तो मीच. त्यांनी मला टेबलावर सरकवलं. "ठेव इथं. आणि बस."

भांडं नेमकं शून्यावर आलं. चटका बसला, डागही पडला, पण मी हूं की चूं केलं नाही.

मित्रांनो, गुण कोणालाही द्या, हवे तेवढे द्या. फक्त पेन्सिल हलक्या हाताने धरा. तुमचं मत उद्या बदलेल, पण खालच्या लाकडाला आपला वळ पुसता येत नाही.