चौथ्या धुनेतला श्वास

अल्बम उद्या सकाळी निघणार होता, आणि प्रणालीच्या जिवाला दुपारपासून स्वस्थता नव्हती.

पाळण्यातल्या पिंकीला झोका देत ती मोबाईलवर चौथी धून पुन्हा पुन्हा लावत होती. कव्हरवर नाव एकट्या अश्विनचं. वडिलांच्या बँडात जयंतीच्या मिरवणुकांत ट्रॉम्बोन, ओठ लावून फुंकायचं लांब पितळी वाद्य, वाजवत तिचा नवरा मोठा झाला, पुढे जॅझच्या नादी लागला, आणि दर रविवारी अमरावतीहून अकोल्याच्या स्टुडिओत जाऊन त्यानं हा अल्बम केला. पहिल्या तीन धुनांत सुराआधी त्याचा श्वास येत होता, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओढलेला, किंचित शीळ घालणारा. लेक झाल्यापासून प्रणाली घरातल्यांचे श्वासच तर ऐकत आली होती. चौथीतला श्वास सरळ, खोल आणि परका होता.

"चौथीत तुमचा श्वास काहून वेगळा येते?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

अश्विन जेवत होता. "मिक्सिंगवाल्यानं साफ केला असन. तू बी ना, पोलिसात भरती व्हाले पायजे होती."

"साफ केला तर राहतच नाई. इथं तर हाय."

तो हसला. भाताचं शीत त्याच्या खालच्या ओठाला चिकटलं होतं, त्याला पत्ताच नव्हता. अक्कलदाढ काढून आल्यापासून त्याचा चहा हनुवटीवर ओघळत होता. तेव्हापासून घरात ट्रॉम्बोन पेटीबाहेर आलाच नव्हता, पिंकी उठेल असं तो म्हणायचा. पिंकी तर मिक्सर चालू असतानाही झोपायची!

"वाजवा बरं चौथी. मले ऐकाची हाय."

"जेवू तर दे."

जेवण झालं, हात धुऊन झाले. अश्विन पेटीकडे गेला नाही.

"ओठ बधिर हाय," शेवटी तो म्हणाला. "डॉक्टर म्हणते, येईन परत. कधी, ते सांगत नाई. चौथी अन् पाचवी, शेवटच्या दोन धुना वर्षालीनं वाजवल्या."

वर्षाली अकोल्याची, प्रणालीच्या सासऱ्यांच्याच हाताखाली ट्रॉम्बोन शिकलेली.

ओठाचं प्रणालीला पटलं. पण संशय हटेना. "मंग तिचं नाव कुठं हाय?"

"तिनंच नको म्हटलं."

उत्तर फारच पटकन आलं. प्रणालीनं वर्षालीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"वहिनी! अल्बम पाह्यला का?" वर्षाली खुशीत होती. "दादानं मले पाठवलाच नाई अजून. माह्यं नाव कसं दिसते वो? माह्या बाबाले दाखवाचं हाय."

 प्रणालीनं फोन अश्विनपुढे सरकवला.

"तुह्यं नाव राह्यलं टाकाचं," तो पुटपुटला.

"राह्यलं नाई," प्रणाली म्हणाली. "खरं सांगा तिले."

त्यानं सांगितलं. ओठाचंही सांगितलं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून नाव मुद्दाम गाळल्याचंही. 

"ओठाचं आधीच सांगतलं असतं तरी मी आली असती, दादा, फुकट आली असती," वर्षाली म्हणाली. "पण नाव गाळलं तुमी. अल्बम थांबवा. आजच."

अल्बम थांबवायला अश्विननं स्टुडिओला फोन लावला. तो सगळं बोलून फोन ठेवेपर्यंत प्रणाली पिंकीला कडेवर घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, शब्द न् शब्द ऐकत.