पुष्पाअक्का सापडत नाहीत

पुष्पाबाईंनी लाल पेनानं 'बाय' हा शब्द खोडला आणि त्याच्या वर, थोडी जागा सोडून, 'प्रिय मातांनो' असं लिहिलं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वही समोर बसलेल्या स्नेहलकडे वळवली.

"हाई बरोबर शे का, देख बरं."

स्नेहलनं वही घेतली. त्याच पानावर आणखी एक ओळ खोडलेली होती: 'दूध कमी येस म्हनीसन घाबरू नको, पोरले छातीशी धरी ठेव.' तिच्याखाली घोटीव अक्षरात नवी ओळ होती: 'स्तन्याचे प्रमाण अल्प असल्यास मातेने चिंतातुर होऊ नये.'

"हे कुणी सांगितलं, अक्का?"

"सुकदेव गुरुजी. मीच गयती त्यासना घर." पुष्पाबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "पहिले कितल्या बाया येत वाचाले. आते कोन्ही येत नई. मन्ही भाषाच गावंढळ, बाय. शिकेल पोरी त्या. त्यास्ले काय आवडी?"

"भाषेचं काही नाही, अक्का. सर्च कंपनीचे नियम बदललेत. थोडे दिवस लागतील."

हे वाक्य स्नेहल तिसऱ्यांदा बोलत होती. दर वेळी ते अधिक सहज येत होतं. तिनं वहीचं पान उलटलं, म्हणजे वर पाहावं लागू नये.

पुष्पाबाई चौतीस वर्षं भडगाव तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी बायकांचे फोन थांबले नाहीत. बाळ रात्रंदिवस रडतं, नाळ अजून पडली नाही, सासू म्हणते पहिलं दूध पिळून टाक. पलीकडच्याच घरात वाढलेल्या स्नेहलनं तीन वर्षांपूर्वी ही सगळी उत्तरं एका ठिकाणी आणली आणि 'पुष्पाअक्का' नावाची साइट केली. अक्कांनी बोलायचं, हिनं जसंच्या तसं टाइप करायचं. एकशेचाळीस उत्तरं झाली. चोपड्यापासून साक्रीपर्यंतच्या बायका वाचायच्या, आणि सुरतेला नांदायला गेलेल्या खान्देशातल्या पोरी तर फार. एकीनं खाली लिहिलं होतं, 'तुमचं वाचलं की माय उशाशी बसल्यासारखं वाटतं.'

"पुनमना फोन व्हता," पुष्पाबाई म्हणाल्या. "सुरतनी पुनम."

पुनम मूळची पाचोऱ्याची. पहिलं बाळंतपण, जवळ कुणी वडीलधारं नाही. पोटुशी असल्यापासून ती साइटवर एकेक प्रश्न विचारायची. फोनवरचं सगळं पुष्पाबाईंनी स्नेहलला सांगितलं ते कुठेही आवाज न चढवता, केसपेपर वाचावा तसं. पुनमचं बाळ दीड महिन्याचं. एक दिवस रडायचं थांबेना. तिनं मोबाईलवर अक्कांचं पान शोधलं. सापडलं नाही. दुसरंच कुठलं तरी पान वर आलं, त्यावर लिहिलं होतं, मध चाटवा, वरून काढ्याचं पाणी द्या. तिनं दिलं. बाळाला जुलाब लागले. तीन दिवस दवाखान्यात सलाइन.

"आता कसं आहे?"

"आते बरं शे." पुष्पाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "मन्हा नंबर व्हता तिनाकडे. पन पोरीस्ले फोनवर ईचाराले लाज वाटस. पानले कोन्ही लाजत नई."

स्नेहलच्या हातातलं वहीचं पान चुरगळलं होतं. तिनं ते मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट केलं.

---

नियम बदलले नव्हते.

स्नेहल जळगावात एका छोट्या एजन्सीत होती. दुकानं, दवाखाने, शिकवण्या यांच्या साइट लोकांना लवकर सापडाव्यात, हे तिचं काम. हिवाळ्यात धुळ्याच्या एका प्रसूतिगृहाचं काम एजन्सीला हवं होतं. एजन्सी चालवणारा योगेंद्र म्हणाला, त्यांना दाखवायला बाळंतपणाच्या विषयातली एखादी साइट पाहिजे, जी आपण वर आणली. स्नेहलनं अक्कांची साइट सुचवली. तिचे वाचक भरपूर होते, पण आलेखावरची रेघ सरळ, शांत होती. असल्या रेघेनं कुणी प्रभावित होत नाही.

एका साइटनं दुसरीचा पत्ता, म्हणजे लिंक, आपल्या पानावर दिला की सर्च इंजिन त्याला शिफारस समजतं. शिफारशी जास्त, तर नाव वर. स्नेहलनं टेलिग्रामवरच्या एका माणसाकडून अशा अडीच हजार शिफारशी एकदम विकत घेतल्या. कुठल्या पानांवर लागणार, हे विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. महिन्याभरात रेघ चढली. धुळ्याला मोठ्या पडद्यावर तिनं ती दाखवली तेव्हा डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसले. परतीच्या गाडीत योगेंद्रनं तिला टीमची प्रमुख केलं. त्या संध्याकाळी ती भडगावला फोन करणार होती, केला नाही. अक्कांना त्यातलं काय कळणार, असं तिनं स्वतःला सांगितलं.

एप्रिलमध्ये सर्च इंजिनकडून नोटीस आली. तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका अनैसर्गिक आहेत, कारवाई केली आहे. त्या दिवसापासून 'पुष्पाअक्का' असं नाव घालून शोधलं तरी साइट दिसेना.

"नवं नाव घे, नवी टाक," योगेंद्र म्हणाला. "दोन तासांचं काम. धुळेवाले थोडेच परत बघणारेत?"

"बायकांना हेच नाव माहीत आहे, सर."

"मग बस एकेक काढत."

ती बसली. दुपारच्या सुट्टीत, एका हाताला डबा उघडा ठेवून. अडीच हजार पत्त्यांची यादी उतरवली आणि एकेक पान उघडून पाहू लागली. ऑनलाइन जुगार. झटपट कर्ज. मर्दानी ताकदीच्या गोळ्या, शेजारी अर्धवट कपड्यांतली बाई, आणि तिच्या खाली निळ्या अक्षरात: 'बाळंतपणाचा सल्ला – पुष्पाअक्का'. मागून कुणी गेलं की ती स्क्रीन झाकायची. तिनं त्या साइटांच्या मालकांना पत्रं लिहिली, कृपया ही लिंक काढा. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एकानं मात्र तासाभरात काढली आणि मोडक्या इंग्रजीत लिहिलं, सॉरी सिस्टर, आयांची साइट आहे हे मला माहीत नव्हतं. ते उत्तर तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला किती पटकन जमलं.

ज्या निघाल्या नाहीत त्यांची वेगळी यादी करून, या लिंका आमच्या धरू नका, असं सर्च इंजिनला कळवलं. मग फेरविचाराचा अर्ज. त्यात काय घडलं ते लिहावं लागतं. तिनं लिहिलं, 'कुणा बाहेरच्या व्यक्तीने आमच्या नकळत या लिंका लावल्या.' अकरा दिवसांनी अर्ज नामंजूर झाला.

पुनमच्या बाळाची हकिगत ऐकून आल्यावर दुसऱ्या दिवशी, ऑफिसात कुणी यायच्या आधी, तिनं तो अर्ज नव्यानं लिहिला. 'लिंका मी विकत घेतल्या. साइट माझी नाही. जिची आहे त्या बाईंना मी विचारलं नव्हतं, अजून सांगितलेलंही नाही. त्या निवृत्त नर्स आहेत. मी हे एका सादरीकरणासाठी केलं.' शेवटचं वाक्य खोडावं असं तिला वाटलं. त्या जागी 'नोकरीसाठी' असं येईना, कारण नोकरी जाणार नव्हती. तिनं ते तसंच ठेवलं आणि बटण दाबलं. ज्यांना तिचं तोंड दिसत नव्हतं त्यांच्याशी खरं बोलायला दहा मिनिटंही लागली नव्हती.

अक्कांनी दिलेल्या पहिल्या वहीतली वीस सुधारित उत्तरं मधल्या काळात तिनं साइटवर टाकली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

---

जूनच्या पहिल्या आठवड्यात कारवाई मागे घेतल्याचा मेल आला. स्नेहलनं रविवारी पाचोऱ्यापर्यंत पॅसेंजर धरली आणि तिथून बसनं भडगाव गाठलं. अंगणात ऊन अजून भाजत होतं.

"दिसायला लागली, अक्का. परवापासून."

पुष्पाबाई कूलरपुढे मेथी निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं, स्नेहलच्या हातातला मोबाईल घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. आपलं नाव पहिलंच आलेलं पाहून त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"मी सांगं व्हतं ना तुले? ईसच बदलात, तं इतला फरक." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि कपाटातून आणखी तीन वह्या घेऊन आल्या. "ह्या बठ्ठ्या व्हयन्यात. एकशेचाळीस. गुरुजी आनी मी रोज सकायले बसूत. मले तं आधी वाचताबी नई ये त्या शब्द." एक वही उघडून त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि अडखळत वाचलं, "'शिशूच्या रु-द-नाने मातेने वि-च-लित…' चांगलं वाटस ना?"

स्नेहलनं मान हलवली. ती होकाराची होती की नाही, तिलाही कळलं नाही. एवढंच म्हणायचं होतं: चांगलं वाटतं. मग वह्या पिशवीत घालायच्या, साडेचारची बस धरायची. साइट परत आली होती. बाळ बरं होतं.

पुष्पाबाईंनी वह्या तिच्या मांडीवर ठेवल्या आणि तिच्या दंडावर हात ठेवला.

"एक सांगू का? रागे नको भरू. तू इतली मेहनत करी, आनी मी आपलं येडंवाकडं बोलनी. तुले मन्हामुये खाली देखनं पडनं. मोठी चूक व्हयनी मन्ही."

कूलरचा पंखा घरघरत होता. स्नेहलनं वह्या मांडीवरून उचलून सतरंजीवर ठेवल्या.

"अक्का, भाषेमुळे नव्हतं झालं ते."

"मंग?"

ती सांगू लागली. पहिल्यांदा लिंक म्हणजे काय ते सांगितलं, आणि त्याची गरज नव्हती हे सांगता सांगताच लक्षात आलं. पुष्पाबाईंना पहिल्या दोन वाक्यांतच समजलं होतं. मग धुळ्याचं सादरीकरण. विकत घेतलेल्या शिफारशी. पहिला खोटा अर्ज. नियम बदललेत असं तीन वेळा सांगितलं तेही. दंडावरचा हात कधी निघाला ते स्नेहलला कळलं नाही.

"त्या पानस्वर काय व्हतं?"

"जुगार. आणि… गोळ्यांच्या जाहिराती. घाणेरड्या."

"तठे मन्हं नाव व्हतं?"

"हो."

पुष्पाबाई उठून आत गेल्या. मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. बाहेर आल्या तेव्हा चेहरा ओला होता आणि कपाळावरचे केस चिकटले होते. त्या सतरंजीवर बसल्या, पण आधीपेक्षा थोड्या लांब.

"जुनी उत्तरं आहेत माझ्याकडे," स्नेहल घाईघाईनं म्हणाली. "एकही शब्द गेलेला नाही. आज रात्रीत परत लावते. सगळी."

"ते देखूत मंग." पुष्पाबाईंचा आवाज उपकेंद्रावरच्यासारखा कोरडा झाला होता. "पुनमले माहीत शे का हाई?"

"नाही."

"ती काय समजस, माहीत शे तुले? तिले वाटस तिनीच चूक. पान नीट शोधता उनं नई तिले. रडत व्हती फोनवर."

स्नेहल सतरंजीवरच्या वह्या सारख्या करू लागली.

पुष्पाबाईंनी खिडकीतून आपला फोन घेतला. डोळे बारीक करून नाव शोधलं, बटण दाबलं आणि रिंग वाजू लागल्यावर फोन तिच्यापुढे धरला.

"सांग तिले."

"आत्ता?"

"आते."

तिनं फोन कानाला लावला. चार वेळा रिंग झाली. आता उचलणार नाही असं वाटत असतानाच पलीकडून आधी बाळाच्या रडण्याचा आवाज आला, मग पुनमचा, धाप लागल्यासारखा.

"हा अक्का, बोला ना. तुमनीच याद करी ऱ्हायनी व्हती मी."

स्नेहलनं पुष्पाबाईंकडे पाहिलं. त्यांनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं होतं, पण हात मेथीच्या काडीवर थांबला होता.

"अक्का नाही," ती म्हणाली. "मी स्नेहल बोलतेय. तुला त्या दिवशी पान सापडलं नव्हतं ना…"

पलीकडे बाळ हळूहळू गप्प होत गेलं. पुनम ऐकत होती.